एकोणीस शेतांचा हंडा

बेंट फोर्क,
१४ ऑक्टोबर १९६२

ती. ओर्लीनाआत्यास व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचा. नेवाताईचं पत्र मला फ्लोरिडात संत्र्यांच्या बागेत मिळालं, तेही तीन आठवडे उशिरा, कारण तोवर मी दोन बागा बदलल्या होत्या. तू पायरीवरून पडलीस, खुबा मोडला, नेवाताईने तुला रोआनोकला आपल्या घरी नेलं आणि घराला राखण हवी, एवढं वाचलं नि शिडीवरून उतरलो तो थेट बसमध्ये. बसमध्ये शेजारी एक बाई होती. तिच्या मांडीवर टोपीचा गोल डबा. डब्यात कोंबडी. कोंबडीचं तिकीट काढावं लागू नये म्हणून जॉर्जियापर्यंत ती डब्याला गाणं म्हणून दाखवत होती. कोंबडी एकदाही ओरडली नाही. बाईचा आवाज खरंच चांगला होता.

घर ठीक आहे. पत्र्याची एक कड वाऱ्याने उचलली होती, ठोकली. धुराडं झाडलं, त्यात चिमणीचं घरटं निघालं. शेजारचा क्लेट नवीन ट्रॅक्टर दाखवायला रोज येतो. आणि आणखी एक काम मी असं केलंय की तू आल्यावर बघून म्हणशील, पोरगं सुधारलं! ते पत्रात सांगणार नाही. बघशीलच.

तब्येतीला जप. नेवाताईला न. सां. आणि या भटक्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
व्हर्लिन

रोआनोक,
२ नोव्हेंबर १९६२

चि. व्हर्लिनास ओर्लीनाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि नेवाने एकदा. तिला कोंबडीवालीच जास्त आवडली. माझा खुबा हळूहळू सांधतोय. इथलं जेवण मात्र डब्यातून निघतं आणि चवीलाही डब्यासारखंच लागतं. परवा नेवाने पालक म्हणून वाढलं ते मी कपडे धुतलेलं पाणी समजून बाजूला सारलं.

आता कामाचं. झेल्मा टॅकेटचं पत्र आलंय. पहिल्या पानावर माझ्या खुब्याबद्दल हळहळ, दुसऱ्या पानावर हंड्याबद्दल काळजी. म्हणते, ओर्लीना, यंदा तू विश्रांती घे. मार्चचं क्रीसीचं जेवण मी बघते. आणि हंडा कसा, ज्या घरात बाईमाणूस चुलीपुढे उभं आहे तिथेच शोभतो. वाचून माझं रक्त असं तापलं की नेवाने गरम पाण्याची पिशवी काढून घेतली.

तुला माहीतच आहे, चर्चमागच्या त्या जेवणाला ज्या घरचं माणूस तीन पायांचा लोखंडी हंडा क्रीसीच्या भाजीने भरतं, त्या घरी तो वर्षभर राहतो. आई गेल्यापासून एक्केचाळीस वर्षं तो आपल्या ओसरीवर पालथा पडलेला आहे. एका वर्षी जरी भरला नाही, तरी जातो. एकदा गेला की परत येत नाही, मॅकीन्यांचा कुठे आला? त्या घराला आता हंड्याचे मॅकीनी कोणी म्हणत नाही, नुसते मॅकीनी म्हणतात.

तेव्हा हंडा तू भरायचा. पुरुषाने भरू नये असा काही नियम नाही, आजवर कोणाची हिंमत झाली नाही एवढंच. वाढवायचे कष्ट तर काहीच नाहीत. मक्याच्या शेतात, धसकटांमधे, ही हिवाळी रानभाजी आपली आपण उगवते. आत्ता ती तळहाताएवढी होऊन जमिनीला चिकटून बसली असेल. तू लहानपणी फक्त उन्हाळ्यात यायचास, त्यामुळे तिला ताटातच पाहिलं असशील. तुला करायचं आहे ते हे, की काहीही करायचं नाही. शेतात पाय टाकू नकोस. गाय शिरू देऊ नकोस. जितका बर्फ आणि गारठा खाईल तितकी ती गोड होते. तुझ्या स्वभावाला इतकं साजेसं काम मला दुसरं सुचलं नसतं.

कशी आली आहे ते लिही. तुझ्यावर लोभ आहे, भरवसाही ठेवते आहे. दोन्ही सांभाळ.

तुझी,
आत्या

बेंट फोर्क,
९ डिसेंबर १९६२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारण असं की एक कुत्रा आला. कुठून आला कोणास ठाऊक, एक कान अर्धा. त्याचं नाव मी अजून ठेवलेलं नाही, कारण नाव ठेवलं की राहावं लागतं, त्यालाही नि मलाही. त्यावरून आठवलं, टेनेसीत मी एका माणसाकडे कामाला होतो, त्याच्या खेचराला तीन नावं होती. सकाळी एका नावाने हाक मारली तर यायचं, दुपारी दुसऱ्या. रविवारी कुठल्याच नावाने यायचं नाही. तो माणूस म्हणायचा, याला बायबल माझ्यापेक्षा जास्त कळतं.

थंडी कडाक्याची पडली आहे. झऱ्यावरच्या दगडी खोलीच्या दाराची बिजागरी बदलली. सरपण भरपूर आहे. हंडा ओसरीवर पालथा आहे, त्याला गंज चढू नये म्हणून चरबी चोळली. शेत आपल्या जागी आहे. कुत्रा आत्ता पायाशी झोपलाय आणि स्वप्नात पळतोय.

ख्रिसमस जवळ आलाय, नेवाताईला माझ्या शुभेच्छा. लोभ कमी होऊ देऊ नकोस, काहीही झालं तरी.

तुझा,
व्हर्लिन

रोआनोक,
१७ डिसेंबर १९६२

चि. व्हर्लिनास अ. आ.

कुत्र्यावर दीड पान. खेचरावर एक पान. शेतावर चार शब्द, आणि तेही असे की शेत आपल्या जागी आहे. शेत कुठे जाणार होतं? चोराच्या मनात चांदणं असतं, ते तुझ्या पत्रात इतकं पडलंय की मला दिव्याशिवाय वाचता आलं.

काय केलंस? सरळ लिही.

आत्या

बेंट फोर्क,
२६ डिसेंबर १९६२

ती. आत्यास शि. सा. न.

नांगरलं.

तेच ते काम, तू आल्यावर बघणार होतीस ते. मी आलो तेव्हा शेतात सगळीकडे धसकटं उभी होती. मला वाटलं, आत्या पडली, तिला सवड झाली नाही, लोक काय म्हणत असतील. क्लेटचा ट्रॅक्टर तर काय, जो उभा राहील त्याचं शेत नांगरून द्यायला तयार. धसकटांमधे खाली ते हिरवं, चक्रासारखं पसरलेलं होतं. मी क्लेटला विचारलंसुद्धा की हे तणही जाईल ना. तो म्हणाला, मुळासकट! मी त्याला पाठीवर थाप मारली, आत्या. वरून राय पेरली, ते गव्हासारखं हिवाळी धान्य. आता ती चार बोटं वर आली आहे, इतकी छान, एकसारखी, हिरवीगार, की बघवत नाही.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी बांधावर उभं राहून वाचलं. मग शेतात गुडघ्यांवर फिरलो. कुंपणाच्या कडेला नांगर पोचला नव्हता, तिथे अकरा रोपं सापडली. अकरा. हंड्याला लागतात चौदा पोती.

मी शाळेत टिकलो नाही, कामावर टिकलो नाही, पण कोणाचं वाटोळं केलं नव्हतं. ते तुझ्या दारी येऊन केलं. तू म्हणत असशील तर मी झेल्माबाईंना जाऊन सांगतो की हंडा न्या. म्हणत असशील तर त्यानंतर निघूनही जातो.

लोभ मागायला तोंड नाही.

व्हर्लिन

रोआनोक,
४ जानेवारी १९६३

चि. व्हर्लिनास अनेक आशीर्वाद, आणि एक रट्टा, तो आल्यावर देईन.

पत्र वाचून मी खुर्चीतून ताडकन उठले. डॉक्टरने आणखी दोन आठवडे आधाराशिवाय उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. उभी राहिल्यावर लक्षात आलं की मी उभी आहे. तेव्हा तुझ्या नांगरटीचा एवढा तरी फायदा झाला. नेवा रडली, मी तुला शिव्या घातल्या, मग दोघींनी कॉफी घेतली.

झेल्माच्या दारात हंडा घेऊन गेलास तर मात्र बघ! आणि निघून जायचं म्हणतोस? पायाला भिंगरी आहे ना तुझ्या, मग ती आता कामाला लाव. मी इथून उंटावरून शेळ्या हाकते, तू नीट ऐक.

जमिनीत गाडलेलं बी मरत नाही, झोपतं. आपलं शेत पुन्हा देईल, पण यंदा नाही. यंदाची बाहेरून आणायची. भाजी स्वतःच्याच शेतातली हवी असं सगळे समजतात, कारण सगळे तसंच करत आले. पण आईने मला नियम दोनच सांगितले होते. भरणाऱ्याने प्रत्येक रोप स्वतःच्या हाताने कापायचं, आणि हंडा काठोकाठ भरायचा.

दुसरी गोष्ट. आपल्या खोऱ्यात क्रीसी न विचारता कापली तर तो चोर. पण दारात उभं राहून, टोपी काढून मागितली, तर नाही म्हणता येत नाही. कोणालाच नाही. हिवाळ्याच्या शेवटी खारं मांस नि वाळका घेवडा खाऊन जिच्या हिरड्यांतून रक्त आलंय, त्या प्रत्येक बाईला हे कळतं. एका शेतातून एकच पोतं घे. तीन रोपांतलं एक सोड, ते बी धरेल. सुरी मातीच्या किंचित खाली घालून गड्डा कापायचा, म्हणजे पानं सुटत नाहीत. फेब्रुवारीत फिरून शब्द घेऊन ठेव, कापायचं जेवणाआधीच्या शेवटच्या तीन दिवसांत. पिवळा कळा दिसला की ते रोप सोडून दे, ते कडू झालं.

चालून पायाला फोड येतील. क्रीसीचीच चार पानं ठेचून फडक्यात बांध.

काय होईल ते होईल, पण तुझ्या पायांना माझा आशीर्वाद आहे.

आत्या

बेंट फोर्क,
१० फेब्रुवारी १९६३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पानं बांधली. आग झाली, मग थंड वाटलं, सकाळी फोड बसला होता. मग मी कुत्र्याच्या कानालाही बांधून बघितलं, त्याने ते खाल्लं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. वरच्या ओढ्याकाठी, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी, हिरवी क्रीसीच क्रीसी! मी मनात म्हटलं, दारोदार कशाला जा, इथेच हंडा भरतो. पोतं भरून घरी आणलं, शिजवलं, मक्याची भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि, आत्या, माझे डोळे आपले आपण मिटले. कारल्याचा काढा बरा. रात्रीपर्यंत पाणी गोड लागत होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूला आजींकडे एक रोप घेऊन गेलो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण हसल्या अशा की शेजारून सून धावत आली. म्हणाल्या, हे क्रीसीचं सावत्र भावंड आहे रे, हे डुक्करसुद्धा हुंगून पुढे जातं. मग त्यांनी मला मोजायला शिकवलं. देठाच्या दोन्ही बाजूंना छोट्या पानांच्या जोड्या असतात. दोन-चारच जोड्या असल्या तर सोडायचं. पाच, सहा, आठ असल्या तर आपली. माझं शाळेतलं गणित इतक्या वर्षांनी कामी आलं, आणि तेही दहाच्या आतलं.

तेव्हापासून मी रोज चालतोय. सकाळी निघतो ते अंधार पडायच्या आत जिथे पोचेन तिथे, कोणाच्या गोठ्यात झोपतो. दारात उभा राहिलो की बायका आधी टोपीकडे बघतात, मग माझ्याकडे, मग म्हणतात, ओर्लीनाचा तो संत्रेवाला का? सगळ्या खोऱ्यात बातमी आहे. एकीने विचारलं, आमचंही शेत नांगरायला आलास का बाबा? दुसरीने नवऱ्याला हाक मारून सांगितलं की ट्रॅक्टरची किल्ली लपवा. पण एकीनेही नाही म्हटलं नाही. आणि नुसतं शेत दाखवत नाहीत, सांगतात. आमची कोंबड्यांच्या खुराड्यामागे बघ, तिथली रसाळ. आमची चढावरची, वारा खाल्लेली, तिखट असते पण दम धरते. प्रत्येकीला वाटतं की आपल्याच शेतातली खरी, बाकीचे तण खातात.

अठरा घरांनी शब्द दिलाय. पण काहींची शेतं लहान आहेत, त्यांची अर्धीच पोती होतील. मी कागदावर मांडून बघितलं, एक पोतं कमी पडतं. काठोकाठ म्हणजे काठोकाठ. आणि आता चालत पोचता येईल असं एकच दार राहिलंय. कोणाचं, ते तू ओळखशील. तिथे जायला पाय उचलत नाहीत.

लोभ धर, धीरही थोडा पाठव.

व्हर्लिन

रोआनोक,
१५ फेब्रुवारी १९६३

चि. व्हर्लिन,

जा. टोपी काढ. माग.

आत्या

बेंट फोर्क,
३ मार्च १९६३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हात सुजलेत म्हणून अक्षर असं आहे, नाहीतर आज मी पताकेवर लिहिलं असतं.

आधी त्या दाराचं. बुधवारी सकाळी गेलो. झेल्माबाई पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. मी टोपी काढून मागितलं. त्यांनी पिठाचा गोळा उलटून परातीत आपटला. मग म्हणाल्या, माझ्या दारी येऊन माझ्याच हंड्यासाठी माझीच क्रीसी मागतोस, लाज म्हणून काही? मी म्हटलं, होती, पण ती ऑक्टोबरमध्ये नांगरली गेली. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण शपथेवर सांगता येणार नाही. शेवटी म्हणाल्या, नियम आहे म्हणून. खालच्या वाफ्यात जा. मी निघालो तर मागून ओरडल्या की तिथली नको, ती पोरकट आहे, डुकरांच्या कुंपणाकडची घे. चांगली हवी ना?

तीन दिवस कापली. क्लेटने ट्रॅक्टरला गाडी जोडून पोती वाहिली. म्हणाला, तू थाप मारलीस तेव्हाच मला संशय यायला हवा होता. झऱ्यावरच्या खोलीत थंड पाण्यात ठेवली, सात पाण्यांनी धुतली, सहाव्या पाण्यातही वाळू होती. काल पहाटे चर्चमागे हंड्याखाली जाळ केला. हंडा धुवायला पहिलं पाणी उकळून ओतून दिलं, मग खारवलेली चरबी टाकली आणि पोत्यामागून पोतं. भरतं आणि बसतं, भरतं आणि बसतं. तेराव्या पोत्याला हंडा दोन बोटं रिकामा होता. चौदावं कुंपणाकडचं. ते बसलं आणि रस काठाला लागून एक थेंब बाहेर जाळात पडला. तो चुर्र आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

लोक आले. मक्याची भाकरी, घेवडा, उकडलेली अंडी, कांद्याची पात, व्हिनेगर, ताक. मी काही खाल्लं नाही, उलथणं धरून उभा. आधी नुसते चमच्यांचे आवाज. मग लोक दुसऱ्यांदा आले. मग तिसऱ्यांदा वाडगे घेऊन, नुसत्या रसासाठी. ड्यूला आजींनी हिरड्यांसाठी म्हणून दोन पेले प्यायले नि तिसरा चवीसाठी.

हंडा रिकामा झाल्यावर ड्यूला आजींनी रीतीप्रमाणे उलथण्याने बूड खरवडून बघितलं आणि विचारलं की ही कुठली. तू दर वर्षी एक शब्द म्हणतेस, आमची. मी काय म्हणणार? तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालंच, त्याच्या शेतात तर राय आहे! हसले सगळे. मग मी जसा चाललो होतो त्याच क्रमाने सांगायला लागलो. ड्यूला आजींची, विहिरीजवळची. मॅकीन्यांची, चढावरची. खुराड्यामागची, पुलाखालची, जळक्या गोठ्यापुढची. आत्या, मी माझ्या जन्मात इतका वेळ एका विषयावर बोललो नव्हतो. आणि जिचं शेत येईल ती बाई ताठ व्हायची. अर्ध्यावर आलो तोवर मागे भांडण सुरू झालं होतं. एक म्हणे, तो दम होता ना, तो आमच्या चढावरचा. दुसरी म्हणे, गोडी लागली का, ती खुराड्याची. नवरे मधे पडायला गेले तर दोघींनी मिळून त्यांनाच झापलं.

अठरा झाली. एकोणिसावं नाव घेतलं, टॅकेटांची, डुकरांच्या कुंपणाकडची. सगळ्यांनी वळून झेल्माबाईंकडे बघितलं. त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रिकामा वाडगा, तिसरा, मी मोजला होता. रीतच आहे, त्यांनी यंदाची भाजी बरी नाही असं चारचौघांत म्हटलं असतं तर हंडा आपल्या घरून हलला असता. पण मग स्वतःच्या कुंपणाकडच्या क्रीसीला नाव ठेवावं लागलं असतं. त्या ते जीव गेला तरी करणार नाहीत, खोऱ्यात कोणीच करणार नाही. त्या म्हणाल्या, शेवटचं पोतं पडेपर्यंत मुलाला चव साधली नव्हती, एवढं माझं मत. आणि बसल्या.

मग ड्यूला आजी म्हणाल्या की हंडा इतक्या घरांनी भरला असं कधी झालं नव्हतं, नि इतक्या लवकर रिकामा झाला असंही नाही. न्या याला घरी. चौघांनी उचलून गाडीवर ठेवला. झेल्माबाईंचा नवरा एक पाय धरून होता.

ओसरीवर पालथा घातला आहे. आपल्या ओसरीवर, आत्या. बेचाळीस!

बसच्या ड्रायव्हरबरोबर तुझ्यासाठी काचेची बरणी पाठवतोय, वर्तमानपत्रात गुंडाळून. हंड्यातून पहिली काढलेली. उघडून सांग.

आज लोभ मागत नाही. आज तो घेतलेला आहे.

तुझा,
व्हर्लिन

रोआनोक,
९ मार्च १९६३

चि. व्हर्लिनास ओर्लीनाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र नेवाने मोठ्याने वाचलं. अठराव्या शेतापर्यंत मी खुर्चीत होते. एकोणिसाव्याला मी काठीने जमीन इतकी बडवली की खालच्या मजल्यावरचा माणूस काय झालं बघायला वर आला. त्याला बसवून नेवाला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. त्याला क्रीसी म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण झेल्मा बसली तिथे त्यानेही टाळी वाजवली.

गुरुवारच्या बसने येते. डॉक्टर नको म्हणतो, त्याला नको म्हणू दे. ऑगस्टात राय निघाल्यावर जमीन नुसती वरवर खरडायची आणि बी वाऱ्यावर सोडायचं, मातीने झाकायचं नाही. ते मी बांधावर बसून सांगीन. त्या एकोणीस घरांकडून जूनमध्ये मूठमूठ बी मागून आण, तुला दारं पाठ आहेत. एप्रिल-मेमध्ये क्रीसीला कोणाची गरज नसते, तेव्हा तुला कुठे हुंदडायचं ते हुंदड. हंडा काही पळून जात नाही. कुत्र्याला मी सांभाळीन, त्याचं नाव काय ठेवायचं ते मी ठरवलं आहे.

बरणी धडपणे पोचली. नेवाला एक चमचा दिला, बाकी मी एकटीने भाकरी कुस्करून संपवली आणि बरणी बोटाने पुसली. आता एक सांगते, आणि हे पत्र वाचून झालं की लगेच चुलीत घाल. एक्केचाळीस वर्षं मी सगळ्या खोऱ्याला सांगत आले की आमच्या शेतातल्यासारखी क्रीसी कुठे होत नाही. व्हर्लिन, ही त्याहून चांगली होती. झेल्माच्या कुंपणाकडच्या पोत्यामुळे असेल. हे मी म्हटल्याचं तू कुठे बोललास तर खोटं बोलतोस म्हणून चर्चमध्ये उभी राहून सांगीन.

जाळलंस ना? माझा लोभ मात्र जाळून संपणाऱ्यातला नाही.

तुझी,
आत्या